उकरलेल्या छपराचा उन्हाळा

मार्च अर्धा सरला की किनवटहून नांदेडला येणाऱ्या गाडीच्या खिडकीबाहेर पळस लागतो आणि खिडकीच्या आत पोरं पुटपुटायला लागतात. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, पुस्तक मांडीवर पालथं. परक्या माणसाला वाटावं, अख्खा डबा जपाला बसलाय. मला मात्र ऐकू येतं, की कुणी रसायनातले गट म्हणतंय, कुणी पेशीचे भाग. आयुष्याचा मोठा तुकडा मी या पुटपुटण्यावर जगलो. शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवायचो. आधी लातूरला, मग नांदेडातही गल्लोगल्ली शिकवण्यांचे फलक चढले तेव्हा नांदेडला. दुपार चढते, डब्याचा पत्रा तापतो, त्याला एक वास सुटतो. आणि त्या वासाचं बोट धरून मी लातूरच्या एका उन्हाळ्यात जाऊन पोचतो. परतीचं तिकीट न काढता.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. लातूर एकाच वेळी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध झालं होतं, हादरण्यासाठी आणि गुणांसाठी. हदगावच्या कापसातून, उमरीच्या बाजारातून, पार देगलूरकडून पोरं पत्र्याची पेटी घेऊन उतरत आणि एकेका खोलीत चार-चार जण मावत. संध्याकाळी मेसचे डबे सायकलींना लटकून गल्लीतून जात, तेव्हा सगळ्या गावाला वरण-फोडणीचा एकच वास यायचा. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपत. उकाडा फार, असं म्हणत. थंडीतही बरेच जण गच्चीवरच असत. तेव्हा कुणी काही म्हणत नसे.

त्या दिवसांत मला एक रोग होता. प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगायचा. शिकवणीतल्या माणसाला तो हटकून होतो, कारण दिवसभर तो चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर काढत असतो आणि मग त्याला वाटायला लागतं की जगही तसंच छापून आलेलं आहे. आठवडाभर पोरांवर हा प्रयोग करून रविवारी मी तो आमच्या चर्चमध्ये न्यायचो. चर्च म्हणजे लहानसं, पांढऱ्या भिंतींचं, वर पत्रा. उपासना झाली की मोठ्यांचा अभ्यासवर्ग असे आणि पाळकसाहेबांनी तो मोठ्या मनानं माझ्याकडे दिला होता. त्यांना तेवढ्या वेळात चहा घेता यायचा.

बायबलच्या शुभवर्तमानातल्या ज्या गोष्टींपाशी भलेभले अडखळतात, त्या मी उचलायचो. हंगाम नसताना अंजिराच्या झाडावर अंजीर नाही म्हणून प्रभूनं त्याला शाप का द्यावा? झाड म्हणजे दिखाऊ धार्मिकपणा, मी सांगायचो, पानं भरपूर आणि फळ शून्य. भुतं डुकरांच्या कळपात शिरली आणि कळप तळ्यात बुडाला, त्यात डुकरांचा काय दोष? कळप म्हणजे रोमी फौज. दहा कुमारींपैकी शहाण्या पाच जणींनी बाकीच्या पाच जणींना दिव्यापुरतं जरासं तेल का दिलं नाही? तेल म्हणजे तयारी. ती उसनी देता येत नाही, बारावीच्या पोरांना विचारा. सगळे माना हलवायचे. मला वाटायचं, पटलं म्हणून. आता वाटतं, पंखा नव्हता म्हणून.

एका रविवारी तर मी फळ्यावर एक ते सतरा आकडे मांडून बेरीज केली. एकशेत्रेपन्न! प्रभूच्या पुनरुत्थानानंतर शिष्यांच्या जाळ्यात सापडलेले मासे बरोबर तेवढेच. "हा आकडा उगाच आलेला नाही," मी खडू नाचवत म्हणालो, "यात काहीतरी दडलंय."

खिडकीबाहेरून आवाज आला, "मोजले असतील, सर. वाटनी करायची म्हंजे मोजावंच लागतंय की."

वर्ग खळखळून हसला. मीही हसलो, कारण न हसून करणार काय.

तो आवाज शांतवनकाकांचा. भूकंपात गेलेल्या गावांपैकी एका गावचे. आमच्या शिकवणीच्या आवारात ते सायकली सांभाळायचे. सकाळी शेकडो सायकली लागत. त्यांच्या तारांवर ऊन चढलं की तळ्यावर वारा गेल्यासारखं चकाकायचं आणि त्या तळ्याच्या काठी काका उघड्यावर, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून बसलेले. पोर पेपर अवघड गेल्याचं तोंड घेऊन आलं की न विचारता सायकल काढून देत आणि म्हणत, "जा, आधी जेवून घे."

काका छपराखाली जात नसत. कुठल्याच. त्या पहाटे घर पडलं तेव्हा ते आणि काकू दोघं आत होते. वरून माती उपसून लोकांनी काकांना बाहेर काढलं. काकू सापडल्या, पण उशिरा. मुलगी करुणा उमरीला वसतिगृहात नर्सिंग शिकत होती, म्हणून राहिली. पुढं सरकारनं नव्या गावात पक्कं घर दिलं, तर काकांनी त्यात ज्वारी ठेवली आणि स्वतः अंगणात बाज टाकली. करुणाला लातूरच्या दवाखान्यात नोकरी लागल्यावर ते तिच्यासोबत आले. ती खोलीत, ते अंगणात. पावसात बाजेवर छत्री उघडून बसत. छत्री चालायची. छप्पर नाही. रविवारी चर्चच्या खिडकीबाहेर कडुनिंबाखाली त्यांची जागा ठरलेली होती आणि गाणी ते आतल्यांपेक्षा मोठ्यानं म्हणत.

मी एकदा शहाणपणानं विचारलं, "काका, एस.टी.त कसे बसता मग? तिलाही छप्पर आहे."

"ती हालतीच की, सर," ते म्हणाले. "जे हालतंय त्याचं भ्या न्हाई मला. जे हालत न्हाई म्हनून सांगत्यात, त्याचं हाय."

एवढं ऐकूनही मी जे केलं, ते फक्त मीच करू जाणे. पुढच्याच रविवारी मी वर्गात खडकावरच्या घराची गोष्ट घेतली. शहाण्यानं खडकावर घर बांधलं, ते टिकलं. मूर्खानं वाळूवर बांधलं, ते पडलं. समोर बसलेल्यांत निम्मे लोक दगडी घरांखालून निघालेले किंवा दगडी घरांखाली कुणालातरी ठेवून आलेले. आमच्याकडची ती घरं आठवा. हातभर जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. आजोबांचा थर, वडिलांचा थर, आपला थर. त्या पहाटे हे सगळे थर एकदम खाली आले. वाचले ते रानातल्या पाचटाच्या खोपीत राखणीला गेलेले. आणि मी हातात खडू घेऊन सांगतोय की खडक म्हणजे विश्वास.

खिडकीतून काका म्हणाले, "आमचं घर दगडाचंच हुतं, सर. खाली बी खडकच हुता."

"काका, खडक म्हणजे खरा खडक नव्हे," मी घाईनं म्हणालो. "ती खूण आहे. प्रतीक."

"मंग पडलं ते बी खरं न्हाई व्हय?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. मी फळा पुसायला घेतला, जो कोराच होता.

उन्हाळ्याचे दिवस कसे असतात, एकात एक विरघळलेले. त्या दिवसांचा क्रम आज मला लागत नाही. पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, घागरींचा आवाज चाललाय. कुणी पोरगी पाण्याच्या रांगेत आरशाचं सूत्र म्हणतेय. दूर कुठंतरी बोअर खोदायचं यंत्र जमिनीत शिरतंय आणि त्या थरथरीनं एखादी म्हातारी दारातून बाहेर येऊन उभी राहते, मग काहीच झालं नाही असं दाखवत तुळशीला पाणी घालते. या सगळ्यावर पांढरं, झोपाळू ऊन. आणि याच उन्हात एक लग्न ठरलेलं होतं. करुणाचं, माझ्या भाच्याशी.

भाचा दानिएल किनवटकडच्या निवासी शाळेत शिक्षक. स्वभावानं असा, की दार अडकलं तर दुसऱ्या दारानं जाईल. दाराचा विचार करत उभा राहायचा नाही. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. लेंतकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आमच्यात लग्न करत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरची तारीख धरली. सगळं सुरळीत होतं. आणि मग उमरीहून माझी थोरली बहीण, दानिएलची आई, लातूरला आली आणि तिला कळलं की व्याही चर्चमध्ये पाऊल ठेवत नाहीत.

"मंग पोरीचा हात कोन देनार?" अक्कानं मला विचारलं. आमच्यात बाप मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत आणतो आणि तिचा हात नवऱ्याच्या हातात देतो. "खिडकीतून देनार काय सायकलवाला? का गजातून ओढून घ्यायचा आमच्या पोरानं?"

"बाहेर मांडव घालू," मी म्हणालो.

यावर खुद्द काकाच अडून बसले. "माझ्यापायी लेकीचं लगीन बाहेर न्हाई व्हायाचं. तिच्या आईचं नि माझं वेदीपुढं झालं. तिचं बी तसंच व्हावं. तुमी आत लावा. मी खिडकीत हाय की."

आणि करुणा, शांतपणे सुई टोचणारी करुणा, म्हणाली, "बाबा आत नसतील तर मी पण आत नाही. नवरा थांबत असला तर थांबू द्या, नसला तर जाऊ द्या." म्हणाली आणि रात्रपाळीला निघून गेली.

झालं. बाप बाहेर लग्न लावू देईना, लेक आत पाऊल टाकीना. अक्का माझ्यावर उखडली, "तू एवढा अर्थ सांगत फिरून राहिलास गावाला, तर याचा सांग ना काहीतरी! न्हाईतर मी उमरीला निघाले." ती खरंच पिशवी भरत होती. अक्काची पिशवी भरली गेली की सोयरिका मोडतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून मी तयारी करून सायकलींच्या तळ्याकाठी गेलो. गोष्ट निवडली होती ती लुळ्या माणसाची. कफर्णहूम गावी प्रभू एका घरात बोलत होता, गर्दी एवढी की आत शिरायला जागा नाही, तेव्हा त्याच्या चौघा सोबत्यांनी छप्पर उकरून त्याला बाजेसकट प्रभूपुढं खाली सोडलं. अर्थ मी आधीच बसवले होते. छप्पर म्हणजे आपल्या मनावरचं भय. ते उकरलं की माणूस बरा होतो. चौघे सोबती म्हणजे विश्वास, आशा, प्रीती आणि... चौथ्याला अजून कुणी मिळालं नव्हतं, पण वाटेत सुचेल असा भरवसा होता.

काकांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "छप्पर कशाचं हुतं?"

"मातीचंच असणार. तिकडं अशीच घरं होती. लाकडं, वर माती."

"माळवद!" ते सावरून बसले. "मंग उकरता येतंय. खाली मानसं बसल्याली? माती पडली असंल की डोक्यावर. कुनी आरडलं न्हाई?"

"तसं लिहिलेलं नाही."

"न्हाई आरडत," काका म्हणाले. समोरच्या सायकलींवरचं ऊन त्यांच्या तोंडावर हलत होतं. "वरून उकरायले म्हनल्यावर कोन आरडतंय? आधी माती झरती, सर. बारीक, पिठावानी. तोंडात जाती. मंग आवाज येतो टिकावाचा. मंग एक उजेड दिसतो, जवारीच्या दान्याएवढा. मला कळंना ते खरं हाय का डोळ्यात काय झालं. म्या त्याच्याकडंच बघायलो हुतो. दाना वाढला. मंग हात आला आत. कुनाचा ते आजून ठाव न्हाई मला. लई खरबडीत हुता."

एक पोरगा सायकल मागायला आला. काकांनी उठून त्याला काढून दिली आणि परत येऊन बसले.

"छप्पर म्हंजे भ्या न्हाई, सर. छप्पर म्हंजे छप्पर. ते उकरलं म्हनून मी हाय. मला आत यायचं काई न्हाई हो. वर बंद असतंय, तेवढंच हाय."

मी मान हलवली आणि काही न कळता परत आलो. घरी जेवताना, पिशवी भरत बसलेल्या अक्काला सगळं सांगितलं, चौथ्या सोबत्याच्या अडचणीसकट. माझं संपल्यावर दानिएल, जो भाकरी चुरत बसला होता, म्हणाला, "मग मामा, दोन पत्रे काढू की."

"कुठले पत्रे?"

"चर्चचे. वरचे. ते म्हणाले ना, वर बंद असतंय तेवढंच आहे. लग्नापुरते काढू, मग बसवू. नट-बोल्टचेच आहेत."

अक्कानं पिशवीतून हात बाहेर काढला.

इतकी वर्षं ती गोष्ट मी उलट्यासुलट्या अर्थांनी सांगितली होती. ती जशी आहे तशी करता येते, शिडी लावून, पान्यानं, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. अर्थ सांगण्यात एक सोय असते. गोष्ट दूर उभी राहते, तुम्ही दूर उभे राहता आणि मधे फळा. हात मळत नाहीत. त्या घरात प्रभूभोवती बसलेली शास्त्रजाणती मंडळीही बहुधा अर्थच बोलत होती, जेव्हा वरून माती पडायला लागली.

पाळकसाहेबांकडे आम्ही भीत भीत गेलो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मंडळीतले पंच विचारतील, परवानगी कुणी दिली म्हणून," ते म्हणाले. मग त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं. "त्या चौघांनी कुणाची घेतली होती हो, सर?" आणि मोठ्यानं हसत म्हणाले, "काढा. फक्त पहिल्या पावसाच्या आत बसवा."

इथवर येऊन एखादा साधा माणूस वेदीच्या बरोबर वरचे दोन पत्रे काढून मोकळा झाला असता. पण पत्रे कुठले काढायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं, लग्नाच्या घटकेला वरून तिरका उजेड येईल आणि नेमका वेदीपुढं, नवरानवरीच्या पायाशी पडेल. मी सूर्याचा कोन काढला. भिंतीची उंची मापली. कागदावर किरण आखले. दानिएल आणि शिकवणीतली दोन धट्टी पोरं वर चढली. मी खालून बोट दाखवून सांगितलं, हा आणि हा. पत्रे सुटले. आत धुळीचा एक खांब उभा राहिला आणि वेदीपुढं उन्हाचा चौकोन पडला. तंतोतंत. मला माझाच अभिमान वाटला, जो सहसा पुढच्या फजितीची वर्दी असतो.

लग्नाच्या दिवशी उमरीचं वऱ्हाड उशिरा आलं आणि ऊन पुढं सरकून पेटी वाजवणाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसलं. तेवढं चाललं असतं. खरी गोष्ट नंतर ध्यानात आली. पेटी वाजू लागली, सगळे उभे राहिले आणि दारात काका दिसले, नवं धोतर, पांढरा रुमाल, हाताला करुणा. त्यांनी उंबऱ्यावरून वर पाहिलं. पत्रा. पुढं पाहिलं, तिथं आभाळ. करुणाचा हात घट्ट धरून ते जवळजवळ पळतच आत आले, बाकांच्या मधून, आणि भोकाच्या बरोबर खाली येऊन थांबले. तिथून पुढं वेदीपर्यंत पुन्हा पत्रा होता. बंद.

उजेड तिरका येतो. आभाळ मात्र सरळ डोक्यावर लागतं. माझ्या कागदावर हे कुठंच नव्हतं.

काकांचा पाय उचलेना. वेदीपाशी दानिएल, पाळकसाहेब. बाकांच्या मधोमध हे बापलेक. आणि मधली तेवढीशी जागा. अक्कानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी खांबाच्या आड झालो. पेटीवाल्याचं कडवं संपलं, त्यानं तेच परत सुरू केलं.

करुणानं बापाला ओढलं नाही. तिनं फक्त त्यांच्या हातावर दुसरा हात ठेवला, नाडी बघावी तसा, आणि उभी राहिली. मग दानिएल वेदीपासून निघाला आणि चालत खाली आला. त्याच्यामागं पाळकसाहेब, पुस्तक छातीशी धरून, झगा सावरत. पुढच्या बाकांवरचे लोक उठले, बाक फिरवायचा खडखडाट झाला, पेटीसुद्धा उचलून आणली. आणि बघता बघता सगळं चर्च त्या उघड्या चौकोनाखाली येऊन दाटलं, अंगाला अंग लावून, जसं त्या कफर्णहूमच्या घरात दाटलं असेल. पाळकसाहेबांनी विचारलं, "ही कन्या कोण देतो?"

"मी देतो," काका म्हणाले. आतून.

वचनं झाली, अंगठ्या झाल्या. अक्का रडली आणि रडताना मला चिमटा काढायला विसरली नाही. वाऱ्यानं पत्र्यावरची धूळ थोडी आत आली, नवरीच्या पांढऱ्या साडीवर, माझ्या टकलावर. कुणी आरडलं नाही.

गर्दी फोटोसाठी बाहेर गेली तरी काका तिथंच उभे होते, मान वर करून. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. काहीतरी म्हणावं असं वाटत होतं आणि या खेपेला जवळ काही नव्हतं.

"साणं ध्यानात हाय का तुमाला, सर?" ते म्हणाले. साणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक. "कारभारीन तितंच बसायची निवडायला. ऊन सरकलं की सूप घिऊन सरकायची."

वर निळा चौकोन होता, उन्हानं फिकट झालेला. त्याच्या एका कडेनं काहीतरी आत आलं, पंख न हलवता, सावकाश.

"घार," काका म्हणाले.

मी वर पाहिलं. घारच होती.